बिनगिलाव्याचा

आधी नावाचंच अडलं.
जिन्सी म्हणाली, नेकेड केक,
आणि मी रिक्षा स्टँडपर्यंत शब्द घोळवत आले:
उघडा? नागडा?
सत्तरीच्या माणसापुढे काय म्हणून ठेवायचा?
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"अगं, निदान टॉवेल तरी गुंडाळ त्याला."

अण्णांचा वाढदिवस एक जूनला.
खरा कधीचा, कुणालाच ठाऊक नाही.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी हाताशी होती ती तारीख टाकली,
तीच चालत आली
रेशनकार्डावर, आधारवर, दवाखान्याच्या केसपेपरवर.
मेणबत्ती तिला आजवर एकदाही लागली नव्हती.

मग रविवारी त्यांनाच घेऊन गेले नेरूळला.
काचेआड तीन मजले:
तपकिरी थर, पांढरी रेघ,
तपकिरी थर, पांढरी रेघ,
गच्चीवर चार अंजिरं कापून ठेवलेली.
अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"गिलावा राहिलाय की याचा."

मी हसले. जिन्सीला गिलावा म्हणजे काय ते सांगू लागले
आणि सांगता सांगता हसू कुठंतरी अडकलं.

एकतीस वर्षं परांचीवर उभं राहून
हा माणूस दुसऱ्यांच्या भिंतींना अंगरखे घालत होता.
वाशी, मग सानपाडा, मग इथलंच नेरूळ,
मग पाम बीचच्या कडेचे ते उंच टॉवर,
जिथं रंग लागल्यावर वॉचमन त्यांना फाटकातून आत सोडेना.
आणि घणसोलीत आमच्या घराची मागची भिंत
अकरा वर्षं नुसत्या विटांची.
मी तिच्या दरजांत संपलेल्या पेन्सिली खुपसायचे.
मैत्रिणींना मागच्या दारानं कधी आणलं नाही.

"क्रीम नाही, म्हणजे मजुरी कमी?"
"नाही अंकल, जास्ती," जिन्सी म्हणाली
तिच्या मराठीत, जिच्यात ळ आमच्याहून भक्कम
आणि क्रियापदं मर्जीनुसार.
"क्रीम लावला तर सगळा लपते.
वाकडा, जळलेला, फुगलेला.
हा उघडा. यात चूक दिसते."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले.
गिलाव्याच्या माणसाला
गवंड्याची सगळी पापं माहीत असतात:
कुठं अर्धुक सरकवलंय, कुठं ओळंबा सुटलाय,
कुठं सिमेंटपेक्षा वाळूवर जास्त भरवसा ठेवलाय.
त्यावरून त्यांची थापी फिरायची, मग नीरूचा हात,
आणि संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर भिंतीवर तळवा फिरवून म्हणायचा, वा.
हे ते बोलले नाहीत.
त्यांचं एक बोट तेवढं काचेबाहेर, हवेत,
थरांच्या कडेनं खालीवर जात होतं.

"डावीकडं सूतभर कललाय."
जिन्सीनं स्टँड फिरवला, वाकून एक डोळा मिटला.
कान लाल झाले तिचे.
"तुमचा सरळ येईल."

दोन किलो. आईसाठी बिनअंड्याचा.
अंजीर नको, जांभळं;
सीवूड्सच्या पुलाखाली टोपलीवाली बसते, तिच्याकडून मीच आणून देईन.
"नाव काय लिहायचा?" जिन्सीनं विचारलं
आणि मध्येच थांबली.
लिहायला पांढरी जागाच नव्हती.
"राहू दे," अण्णा म्हणाले,
"कुणाचा आहे ते घरच्यांना कळतंय."
आणि ॲडव्हान्सचे पैसे माझ्या आधी काढले,
पाचशेची नोट, चार घड्या घातलेली.

एक तारखेला खोका त्यांच्याच मांडीवर.
गतिरोधक आला की रिक्षावाल्याला हळू म्हणायचे,
मग श्वास धरायचे.
घरी पोरांचा गलका. भावाची धाकटी, स्वरा,
बोट पुढं करूनच धावली
आणि अण्णा चपला काढता काढता ओरडले,
"ए, हात लावू नको. ओला आहे अजून."